सिरिंजमधली शाई : रत्नागिरीच्या पडवीतून दिसलेला प्रिंटरचा इतिहास

एसटीत खिडकीशी बसून, कॉलेजच्या कट्ट्यावर किंवा भांडी घासता घासता ऐकणाऱ्या सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहूनही देतेय. बोललेलं बऱ्यापैकी तसंच ठेवलंय. फक्त मधले 'अं...' आणि शेजारच्या कोंबड्याचं आरवणं तेवढं काढून टाकलंय.

आज किल्ला, लढाई, तह असलं काही नाही. आजचा विषय आहे प्रिंटरची शाई. थांबा, बंद करू नका! पाच मिलिलिटर शाईत केवढा इतिहास मावतो ते बघा तर खरं.

पडवीतला दवाखाना

जुलै २०१०. रत्नागिरीतला जुलै म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं आमचं गाव. त्यातला मोठा वाटा या एका महिन्यातच कोसळतो की काय असं वाटतं. मी तेव्हा दहावीत. शाळेतून भिजून घरी आले तर पडवीत आई खाली बसलेली. समोर जुना पेपर पसरलेला, त्यावर मेडिकलमधून आणलेली सिरिंज, काळ्या शाईची बाटली, कापूस, आणि मधोमध उताणी ठेवलेली प्रिंटरची कार्ट्रिज. शेजारचा चिनू दारातून वाकून बघत होता. त्याने विचारलं, "काकी, प्रिंटरला ताप आलाय?"

आई हसली नाही. तिची सुई त्या क्षणी कार्ट्रिजच्या भोकात होती आणि ती श्वास रोखून थेंब थेंब शाई सोडत होती.

आईचं गंमत करण्याचं वय नव्हतं आणि तेव्हा परिस्थितीही नव्हती. बाबांची नोकरी वर्षभरापूर्वी सुटली होती. आईने एमएससीआयटी केलेलं होतं. २००१ मध्ये एमकेसीएल ही संस्था सुरू झाली आणि तिच्या या कोर्सने गावोगावच्या कितीतरी जणींना पहिल्यांदा माउस हातात दिला, त्यातलीच आमची आई. मग जुना कॉम्प्युटर आणि अडीच हजारांचा नवा इंकजेट प्रिंटर घेऊन तिने पडवीत काम सुरू केलं. लग्नाचे बायोडेटा, शाळेचे प्रोजेक्ट, अर्ज, सोसायटीच्या नोटिसा. काळं पान दोन रुपये, रंगीत पान दहा. पाटी नाही, जाहिरात नाही. "पडवीतल्या काकी प्रिंट काढून देतात" एवढं गल्लीत माहीत झालं की झालं.

पहिल्या महिन्यात काम बरं झालं. दुसऱ्या महिन्यात कार्ट्रिज संपली आणि आईने वहीत हिशेब मांडला. ती वही अजून आमच्याकडे आहे. काळी कार्ट्रिज सहाशे रुपये, तिच्यावर छापलंय ५ मिली. म्हणजे शाई पडली मिलीला एकशे वीस रुपये. लिटरचा भाव काढा, एक लाख वीस हजार! आणि बाजारात रिफिलच्या शाईची शंभर मिलीची बाटली होती एकशे वीस रुपयांना. म्हणजे मिलीला एक रुपया वीस पैसे. शंभरपट फरक. आईने त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्यात. त्याच्या पुढच्या ओळीत लिहिलंय, 'सिरिंज १, सुई जाड.'

आजोबांची वडी

पडवीतल्या झोपाळ्यावर आजोबा बसलेले असायचे. राजापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत मास्तर होते ते, तेव्हा ऐंशीच्या घरात. आईचा हा दवाखाना बघून ते म्हणाले, "अगो, यात नवीन काय आहे? शाई आम्ही घरीच करायचो."

त्यांच्या लहानपणी शाळेत शाईची पूड किंवा वडी मिळायची. वडी पाण्यात विरघळवायची, दौतीत भरायची, टाक बुडवायचा आणि लिहायचं. पाणी जास्त झालं की अक्षर फिकं, कमी झालं की टाक अडकतो. त्यामुळे कुणाच्या घरची शाई चांगली यावरून वर्गात पैजा लागायच्या म्हणे.

इथे मी जरा मागे जाते. 'शाई' हा शब्द मूळचा फारसी, 'सियाही', म्हणजे काळेपणा. आणि आपल्याकडची जुनी शाई खरोखर काळेपणाचीच होती. दिव्याची काजळी, डिंक आणि पाणी हा तिचा गाभा. दुसरा एक प्रकार हिरडा आणि हिराकस यांचा. हिरड्यात टॅनिन असतं, हिराकशीत लोह, दोन्ही एकत्र आले की रंग काळा होतो. काजळीच्या शाईचा मोठा गुण म्हणजे ती उन्हाने विटत नाही, कारण काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. शेकडो वर्षांपूर्वीच्या मोडी कागदांवरची अक्षरं आजही काळीभोर दिसतात ती त्यामुळेच. मोडी लिहिताना बोरू शक्यतो उचलायचा नाही, सरसर पुढे जायचं. म्हणजे शाई धड पातळही नको आणि दाटही नको. तुमच्या प्रिंटरची अडचण नेमकी हीच आहे हे लक्षात ठेवा. ती आपल्याला थोड्या वेळाने लागणार आहे.

मग आलं १९३१ साल. मुंबईत दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या दोन भावांनी 'दांडेकर अँड कंपनी' सुरू केली. त्यांचा पहिला माल कोणता? शाईची पूड आणि शाईच्या वड्या, 'हॉर्स ब्रँड' नावाने. पुढे फाउंटन पेनसाठी त्यांनी 'कॅमल इंक' काढली आणि कॅमल अधिक इंक मिळून झालं कॅम्लिन. हो, तीच तुमची कंपासपेटीवाली कॅम्लिन. तिची सुरुवात झाली घरी पाण्यात कालवायच्या शाईने.

म्हणजे १९३० च्या दशकातला मराठी मुलगा शाईचा कारखानदार नव्हता, पण घरी शाई तयार करणारा नक्कीच होता. त्याने पेन एकाचं घेतलं आणि शाई दुसऱ्याची भरली तर पेन 'मी लिहिणार नाही' म्हणायचं नाही. फाउंटन पेनमध्येही तेच. बाटली कुठलीही, ड्रॉपरने भरा आणि लिहा. भांडं तुमचं, शाई तुमची.

ही मालकी हातातून कधी सुटली, तेवढंच आज मला सांगायचंय.

रिबिनीला तेल पाजणारे

टाइपरायटर आला तेव्हाही ती सुटली नव्हती. १९५५ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा टाइपरायटर बाजारात आणला. त्यात शाई असायची कापडी रिबिनीत. रिबन फिकी पडली की ती उलटी लावायची, वरची बाजू खाली. आणखी फिकी पडली की नवी घ्यायची आणि ती स्वस्त असायची.

पुढे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आले. बँकेत पासबुक भरताना 'कर्र... कर्र...' असा आवाज येतो ना, तो त्यांच्याच खानदानातला. त्यातही रिबनच. आमच्या बाबांच्या जुन्या ऑफिसात एक शिपाईकाका या रिबिनींवर पुन्हा शाई चढवायचे. लहानसं हाताने फिरवायचं यंत्र, एका बाजूने फिकी रिबन आत जायची, दुसऱ्या बाजूने ओली काळी बाहेर यायची. काकांची बोटं कायम काळी. बाबा सांगायचे, लग्नसमारंभातही ते हात पाठीमागे धरून उभे राहायचे.

म्हणजे बघा, वडी विरघळवणारे आजोबा, रिबिनीला शाई पाजणारे ते काका आणि सिरिंजवाली आई ही एकाच साखळीतली माणसं आहेत. पण आईच्या वेळेपर्यंत मधे एक मोठी गोष्ट घडून गेली होती. आता त्या गोष्टीसाठी कोकणाबाहेर पडूया.

एक सिरिंज, एक सोल्डरिंग गन

कागदाला न टेकता शाई उडवून लिहायची, ही कल्पना कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जुनी आहे. १८६७ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी 'सायफन रेकॉर्डर'चं पेटंट घेतलं. समुद्राखालच्या तारांतून येणारे संदेश इतके क्षीण असायचे की त्यांच्या जोरावर साधं पेन कागदावर सरकणंही कठीण. म्हणून त्यांनी काचेची बारीक नळी घेतली, शाईला विद्युतभार दिला, आणि शाई नळीतून आपोआप कागदावर उडू लागली. १८७० मध्ये मुंबई अशाच समुद्री तारेने एडन-सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली, त्या जमान्यातलं हे यंत्र.

मग १९५१. स्वीडनचे रुने एल्मक्विस्ट यांना शाईच्या फवाऱ्याने आलेख काढणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळालं. दवाखान्यात हृदयाचे आलेख काढायला ते यंत्र वापरलं गेलं. आणि हेच एल्मक्विस्ट पुढे १९५८ मध्ये शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर तयार करणारे! तेव्हा चिनूचा प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता. इंकजेटचं दवाखान्याशी जुनं नातं आहे.

आता माझा सगळ्यात आवडता किस्सा. १९७७, जपान, कॅनन कंपनीची प्रयोगशाळा. इचिरो एंडो नावाच्या संशोधकाच्या टेबलावर शाईने भरलेली सिरिंज पडलेली होती. तिच्या सुईला चुकून गरम सोल्डरिंग गन लागली. सुईतली शाई तापली, बुडबुडा झाला आणि टोकातून शाईची चिळकांडी उडाली. यातून 'बबल जेट'चं तंत्र निघालं. अमेरिकेत ह्यूलेट-पॅकार्ड, म्हणजे एचपी, यांच्याकडे जॉन वॉट हे स्वतंत्रपणे याच दिशेने काम करत होते. १९८४ मध्ये एचपीचा 'थिंकजेट' आला, १९८५ मध्ये कॅननचा पहिला बबल जेट प्रिंटर आणि १९८८ मध्ये एचपीचा 'डेस्कजेट'. त्याची किंमत तेव्हा जवळपास हजार डॉलर होती.

लक्षात आलं का? कंपनीच्या प्रयोगशाळेत ज्या वस्तूतून हे तंत्र निघालं, ती होती शाई भरलेली सिरिंज. आणि तेहतीस वर्षांनी आमची आई जे हातात धरून बसली होती, ते काय होतं?

कार्ट्रिज फेकायची का?

आता कंपन्यांची बाजूही प्रामाणिकपणे सांगते, कारण ती खोटी नाही.

अशा कार्ट्रिजच्या तळाशी केसापेक्षाही बारीक छिद्रांची रांग असते. प्रत्येक छिद्रामागे एक चिमुकला हीटर. वीज आली की तो सेकंदाच्या काही लाखाव्या भागात शेकडो अंश तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. हे सेकंदाला हजारो वेळा. आता एवढ्या बारीक छिद्रांत शाई वाळली तर? हीटर झिजला तर? म्हणून इंजिनिअर लोकांनी युक्ती काढली की छिद्रं आणि हीटर कार्ट्रिजवरच बसवायचे. शाई संपली की सगळंच नवं. बोरू उचलायचा नाही आणि शाई अडकायला नको, ही जुनीच अडचण त्यांनी अशी सोडवली. युक्ती हुशारीचीच होती.

पण त्या युक्तीतून धंद्याचं गणित बदललं. प्रिंटर स्वस्त, शाई महाग. वस्तरा स्वस्तात द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचं, तसं. प्रिंटर घरात आला की पुढची पाच वर्षं गिऱ्हाईक दर दोन महिन्यांनी दारात येणारच.

आणि खरी गोम पुढे आहे. शाई संपली तरी छिद्रं आणि हीटर धडधाकट असतात. चारपाच वेळा तरी ते आरामात चालतात. मग लोकांनी जगभर सिरिंजा काढल्या. कंपन्यांनी उत्तर दिलं, कार्ट्रिजवर चिप. चिप म्हणते, शाई संपली. तुम्ही भरली असली तरी संपली. चिप नसलेल्या आमच्या प्रिंटरचंही तेच होतं. तो शाई बघतच नव्हता, फक्त किती थेंब उडवले ते मोजत होता. आई काठोकाठ भरलेली कार्ट्रिज लावायची आणि स्क्रीनवर यायचं, 'शाई संपली आहे.' आई म्हणायची, "संपू दे तुझी, माझी आहे," आणि ओके दाबायची.

१३ सप्टेंबर २०१६ रोजी जगभरातल्या लोकांचे एचपीचे काही ऑफिसजेट प्रिंटर अचानक दुसऱ्यांच्या कार्ट्रिज नाकारू लागले. आदल्या दिवशीपर्यंत चालत होत्या, त्या दिवशी नाही. आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरचा तो परिणाम होता. बोंबाबोंब झाली, कंपनीला माफी मागावी लागली आणि बदल मागे घेण्याची सोय द्यावी लागली.

पुढच्या वर्षी, ३० मे २०१७ ला, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. लेक्समार्क या कंपनीने लेझर प्रिंटरच्या टोनर कार्ट्रिज 'एकदाच वापरा आणि आम्हालाच परत द्या' अशा अटीवर सवलतीत विकल्या होत्या. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाची छोटी कंपनी त्या रिकाम्या कार्ट्रिज मिळवून पुन्हा भरून विकायची. कोर्ट म्हणालं, वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. पुढे विकत घेणारा तिचं काय करतो, हे पेटंटच्या जोरावर ठरवता येणार नाही.

हा निकाल अमेरिकेचा, आपल्याला लागू नाही. पण तो वाचला तेव्हा मला आईचं ते 'माझी आहे' आठवलं.

आईची रीत, आणि आईची चूक

आता रिफिल कसं करायची ते सांगते. बऱ्याच जणांच्या घरी असा जुना प्रिंटर अजून असेल.

वरचं लेबल अलगद उचलायचं, खाली बारीक भोकं असतात. काळ्या कार्ट्रिजला शाईचा कप्पा एक, रंगीतला तीन. रंगीतमध्ये कुठल्या भोकात कुठला रंग ते अंदाजाने ठरवायचं नाही. पांढऱ्या टूथपिकचं टोक आत बुडवून बघायचं. आत स्पंज असतो. सुई स्पंजात हळू टोचायची आणि थेंब थेंब शाई सोडायची. जोरात दाबलीत तर आत हवा अडकते. वर शाई दिसायला लागली की थांबायचं, वाटल्यास थोडी परत ओढून घ्यायची. मग छिद्रांची बाजू ओलसर कापडावर टेकवायची, घासायची नाही. तांब्याचे पॉइंट कोरडे करायचे आणि बसवायची.

एक नियम आई कधीच मोडायची नाही. शाई पूर्ण संपू द्यायची नाही, फिकं यायला लागलं की लगेच भरायची. कारण तो हीटर शाईनेच थंड राहतो. कढईत तेल नसताना गॅस चालू ठेवला तर कढई जळते, तसं.

पण एक गोष्ट आईला माहीत नव्हती, आणि ती आम्हाला पावसाने शिकवली.

शेवटची तारीख असलेला एक शिष्यवृत्तीचा अर्ज होता. गल्लीच्या टोकाला राहणारा मुलगा, बारावीतला. आईने अर्ज टाइप केला, प्रिंट दिली, चार रुपये घेतले. तासाभराने तो परत आला, नखशिखांत भिजलेला. त्याच्या हातातल्या कागदावर अक्षरंच नव्हती, नुसती निळसर काळी नदी. कंपनीच्या काळ्या कार्ट्रिजमध्ये पिगमेंटची शाई होती, म्हणजे बारीक रंगकण असलेली, पाण्याला दाद न देणारी. बाटलीतली स्वस्त शाई डायची, पाण्यात विरघळणारी. दिसायला दोन्ही काळ्याच.

साडेचार वाजले होते. ऑफिस पाचला बंद होणार. आणि तेवढ्यात लाईट गेली.

आई काही बोलली नाही. पडवीत चार जण गप्प उभे. आजोबांनी आतून आपला जुना फाउंटन पेनचा डबा आणला आणि मुलाला म्हणाले, "बस. मी सांगतो, तू लिही." कोऱ्या कागदावर त्याने हाताने अर्ज लिहिला, आजोबांनी प्रत्येक ओळ तपासली. बाबांनी कागद दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातला आणि त्याला स्कूटरवर बसवून घेऊन गेले. अर्ज घेतला गेला. हाताने लिहिलेला चालतो का, असं तिथल्या बाईंनी विचारलंच नाही.

आईने चार रुपये परत दिले आणि त्या रात्री ती जेवली नाही. "पैसे वाचवायच्या नादात पोराचं वर्ष गेलं असतं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने बाजारात विचारून पिगमेंटची काळी शाई आणली. बाटली दुप्पट महाग होती. वहीत त्या दिवशीची नोंद आहे, 'अर्जांना फक्त पिगमेंट. पिशवी फुकट द्यायची.' तेव्हापासून आईकडून प्रिंट घेणाऱ्या प्रत्येकाला पावसाळ्यात एक प्लॅस्टिकची पिशवी मिळायची.

हे मी मुद्दाम सांगतेय. घरी रिफिल करणं म्हणजे कंपनीला फसवून मिळवलेली चंगळ नाही. शाई तुमच्या मालकीची झाली की तिची जबाबदारीही तुमचीच होते. आजोबांना ते माहीत होतं, कारण त्यांच्या वडीत पाणी जास्त झालं तर मार त्यांनाच बसायचा.

आणि मग टाकी आली

२०१० मध्येच, आई पडवीत सिरिंज धरून बसली होती त्याच वर्षी, तिकडे इंडोनेशियात एक गोष्ट घडत होती. तिथले दुकानदार प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या लावून, नळ्या थेट आत सोडून द्यायचे. म्हणजे सिरिंजचीही कटकट नाही. आपल्याकडेही फोटो स्टुडिओत आणि झेरॉक्सच्या दुकानांत असे नळ्यावाले प्रिंटर दिसायचे. एप्सन कंपनीने हे बघितलं, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीवाले प्रिंटर आणले. प्रिंटरची किंमत जास्त, शाईची बाटली स्वस्त, भरायची तुम्हीच. पुढच्या वर्षी ते भारतात आले. काही वर्षांत कॅनन आणि एचपी यांनीही आपापले टाकीवाले प्रिंटर काढले. आज कुठल्याही सायबरमध्ये किंवा महा ई-सेवा केंद्रात सातबारा काढायला जा, बाजूला पारदर्शक टाक्यांत चार रंग दिसतील.

या बदलाचं श्रेय मी एकट्या कुठल्या कंपनीला देणार नाही. जकार्तातले ते दुकानदार, रत्नागिरीतली आई आणि अशी असंख्य माणसं वर्षानुवर्षं सुया टोचत राहिली. त्यांनी मोर्चा काढला नाही, कोर्टात गेली नाहीत. त्यांनी फक्त वहीत हिशेब मांडला. शेवटी त्या हिशेबापुढे धंद्याचं गणित बदलावं लागलं.

आईने २०१४ मध्ये टाकीवाला प्रिंटर घेतला. दुकानदाराने बाटली उघडून टाकीत शाई कशी ओतायची ते दाखवलं. आई घरी येऊन आजोबांना म्हणाली, "अण्णा, आता सरळ दौतीतच भरायची."

आता तुमचा फोन काढा

भाग इथे संपवता आला असता. पण ज्यावर तुम्ही हे ऐकताय ती वस्तू जरा उलटी करून बघा. बॅटरी स्वतः बदलता येते? मागचं झाकण उघडतं? स्क्रीन बाहेरून बदलली तर फोन 'हा भाग ओळखीचा नाही' असं म्हणतो? ती चिप आठवली का?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीची माहिती, सुटे भाग, वॉरंटी हे सगळं ग्राहकाला एका जागी मिळावं ही त्यामागची कल्पना. फोन, घरातली उपकरणं, गाड्या, शेतीची अवजारं असे विभाग त्यात आहेत. फोन दुरुस्तीला द्यायच्या आधी एकदा बघून ठेवा.

दुसरीकडे परदेशात महिन्याला पैसे भरून शाई वापरायच्या योजनाही आल्यात. पैसे भरणं थांबवलं की त्या योजनेतली कार्ट्रिज थांबते, आत शाई असली तरी. म्हणजे ओढाताण चालूच आहे, एकदा इकडे, एकदा तिकडे.

आजोबा २०१६ मध्ये गेले. त्यांचा फाउंटन पेनचा डबा माझ्याकडे आहे. आईची सिरिंजही त्यातच ठेवलीय. सुई काढून टाकलीय, पण नळीवर १ ते ५ च्या रेघांमध्ये काळा डाग पक्का बसलाय.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, "तुम्ही शाई कशी करायचात?" आणि उत्तर फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. मला पाठवा, चांगल्या चांगल्या आठवणी पुढच्या एखाद्या भागात नक्की घेईन. आणि हो, पावसात प्रिंट घेऊन निघणार असाल तर कागद पिशवीत घाला.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!